मनीचे कारभारी

ज्यांचे मूळ नाव पत्रपेटीवर काय ते उरले आहे आणि ज्यांना आबालवृद्ध केवळ ‘मांजरवाले काका’ या हुद्द्याने ओळखतात, असे एक सेवानिवृत्त गृहस्थ मुलुंड पूर्वेच्या प्रत्येक जुन्या सोसायटीत असतातच. उभी हयात सरकारी कचेरीत फायलींवर शेरे मारण्यात गेलेली. पत्नीच्या पडशाला ‘आल्याचा चहा घे’ यापलीकडे कधी दाद दिलेली नाही. परंतु पावसाळी हवेत मनीचे नाक चोंदले आणि तिच्या श्वासाला सूं-सूं असा सूर लागला, की या निर्विकार पुरुषाच्या अंतःकरणात वात्सल्याचे आणि दफ्तराचे एकाच वेळी उद्घाटन होते.

प्रथम रोजनामा उघडला जातो. शिंका किती, स्राव पातळ की घट्ट, पाणी किती प्याली, हा सारा तपशील तारीखवार नोंदवून झाला, की काका गरम पाण्याच्या बादलीसह आणि मनीसह न्हाणीघरात शिरतात, दार लावून घेतात आणि वाफ कोंडलेल्या त्या खोलीत, बादलीपासून सुरक्षित अंतरावर, पाटावर बनियनमध्ये बसून राहतात. नेमकी हीच सोसायटीच्या पाण्याची वेळ असते. बाहेर सूनबाई, नातू आणि खांद्यावर पंचा टाकलेले चिरंजीव तिष्ठत उभे असतात. आतून मात्र ‘जरा सबूर’ एवढाच हुकूम येतो.

नंतरचा विधी खरोखर पाहण्यासारखा. मनीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचे, कोमट मिठाच्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून नाकपुडीवरच्या वाळक्या खपलीवर क्षणभर टेकवून धरायचा, आणि ती मऊ झाली की अलगद टिपून घ्यायची. ज्या बोटांनी तीस वर्षे दुसऱ्यांच्या रजेचे अर्ज निष्ठुरपणे नामंजूर केले, ती बोटे या प्रसंगी थरथरतात.

मांजराचा सारा भोजनव्यवहार वासावर चालतो. नाक बंद म्हणजे भूक बंद. म्हणून तीन पिढ्यांचे शाकाहारी काका सुका बोंबील आणतात, तो तव्यावर गरम करून त्याचा दर्प जिन्यापर्यंत पोहोचवतात आणि तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली, की मार्जार हे षष्ठीदेवीचे वाहन असल्याचा धार्मिक दाखला सादर करतात.

शेजाऱ्यांच्या सल्ल्यांना मात्र या दरबारात प्रवेश नाही. कुणी छातीला बाम चोळा म्हणाले, कुणी कापराची वडी सुचवली, तर काका जी सक्त ताकीद देतात ती अक्षरशः खरी आहे: कापूर आणि निलगिरीचे तेल मांजराला विषवत् आहे, आणि माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही तिचा जीव घेण्यास पुरेशी आहे, कारण ती पचवण्याची तजवीज मांजराच्या यकृतात नाही. मला या गृहस्थांचा अतिरेक हास्यास्पद वाटतो. त्यांचे वैद्यक मात्र पक्के आहे.

एवढे करूनही मनीने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर काका मुदतवाढ देत नाहीत. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले की त्याच्या यकृतात चरबी साचू लागते, हे त्यांना ठाऊक असते. आणि ती तोंड उघडून श्वास घेऊ लागली, तर रोजनामा तिथेच टाकून टोपलीसह टॅक्सीने पशुवैद्याकडे. एरवी दुपारच्या धीम्या गाडीने परळ गाठायचे, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात. तिथल्या रांगेत काका कुणाशी बोलत नाहीत. फक्त वही पुढे करतात.

निदान बहुधा ठरलेले असते: मांजरांचा नागीणवर्गीय विषाणू. तो माणसाला बाधत नाही, परंतु एकदा शिरला की बहुतेक मांजरांच्या देहात जन्मभर दडून राहतो आणि थोडा ताण आला, घरात पाहुणे आले किंवा बिऱ्हाड हलले, की पुन्हा नाकाशी येतो. त्यामुळे काकांची ही दुसरी नोकरी कायमस्वरूपी आहे, आणि तीत सेवानिवृत्तीचे वय नाही.