उलट्या मजुरीचा गडी

प्रवराकाठच्या कोल्हारसारख्या गावातल्या बागायती घरांत एक नवा चिरंजीव तयार झाला आहे. वडिलांचा सहा-सात एकर ऊस, बांधाला पेरूची झाडं, गोठ्यात दोन संकरित गाई. स्वतः इंजिनिअर, हिंजवडीत काही वर्षं काढलेला. एके दिवशी तो नोकरी सोडतो, पोर्तुगालला जातो आणि तिथे परक्याच्या सेंद्रिय वांग्यातलं तण उपटत बसतो. बोली अशी असते: दिवसाला चार ते सहा तास काम, बदल्यात जेवण आणि झोपायला जागा, पैसा कोणी कोणाला द्यायचा नाही. तिकीट, व्हिसा आणि विमा ज्याचा त्याचा. हिशेब मांडला तर दर तासाला मजूरच पैसे मोजतो असं निघतं, फक्त ते शेतमालकाला न जाता विमान कंपनीला जातात. या प्रथेची सुरुवात १९७१ साली इंग्लंडात झाली. सू कॉपर्ड नावाच्या, लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या बाईंना शनिवार-रविवारी शेतात जावंसं वाटलं, पण स्वतःचं शेत नव्हतं. तेव्हा त्यांनी ससेक्समधल्या एका शेतावर श्रमाच्या बदल्यात दोन दिवस राहायची सोय लावली. म्हणजे योजना मुळात भूमिहीन शहरवासीयांसाठी होती. कोल्हारच्या सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस तिचा लाभार्थी होईल, हे त्या बाईंच्या स्वप्नातही आलं नसेल.

पण हा माणूस आकाशातून पडलेला नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेचं पाणी कालव्यांनी शिवारात शिरलं. पाण्यामागून ऊस आला. उसामागून १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना आला, कारखान्यामागून लोणीची शाळा-कॉलेजं आली, कॉलेजातून पदवी, पदवीतून पुणे आणि पुण्यातून पासपोर्ट. एका धरणाने, एका कारखान्याने आणि तीन पिढ्यांनी घाम गाळून ज्याला खुरप्यापासून दूर नेलं, तो स्वखर्चाने परत खुरप्यापाशी पोचला. फक्त खुरपं पोर्तुगीज निघालं. यावर गावाचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘एवढीच हौस होती तर घरचं रान काय वाईट होतं? इथं खुरपायला बाया मिळेनात!’ आक्षेप रोकडा आहे आणि बाया मिळत नाहीत हेही खरं आहे. मात्र त्याचं उत्तर आक्षेपातच आहे. खुरपायला ‘बाया’ मिळत नाहीत. कोल्हारला खुरपणी हे बायांचं काम आहे, तेही रोजंदारीवरच्या बायांचं. पुरुषाने ट्रॅक्टर चालवावा, रात्री दोनला उठून मोटर चालू करावी, युरियाच्या गोण्या उतरवाव्यात. तो सरीत उकिडवा बसला तर संध्याकाळपर्यंत नगर-मनमाड रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर बातमी पोचते की अमक्याचं पोरगं खुरपत होतं, धंद्यात बसलं वाटतं.

माझं म्हणणं असं, की हा गडी शेतीपासून पळालेला नाही आणि शेतीकडे धावलेलाही नाही. तो ‘तू कोणाचा रे?’ या प्रश्नाच्या हद्दीबाहेर गेला आहे. पोर्तुगालमध्ये त्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून त्याला तण उपटता येतं, शेण ओढता येतं, जेवणानंतर वीसजणांची भांडीही घासता येतात. घरी पाण्याचा तांब्या उचलून न घेणारा हाच तो. घरच्या चुलत्याने ‘जरा दारं धर’ म्हटलं की ते काम होतं. तिकडच्या मालकिणीने कोबीला पाणी घालायला सांगितलं की तो अनुभव होतो, आणि अनुभवाचे फोटो काढता येतात. न्यूझीलंडचं सरकार या बाबतीत आपल्यापेक्षा व्यवहारी आहे. अशी बिनपगारी खुरपणी ते सरळ कामच समजतं आणि नुसत्या पर्यटक व्हिसावर करू देत नाही. व्हिसाखात्याला जे कळतं ते चिरंजीवांच्या आईला पटत नाही. ती शेजारणीला ‘फिरायला गेलाय’ असंच सांगते.

कोणी म्हणेल, तो शिकायला जातो आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. मान्य, शिकतोच. पालापाचोळा जाळू नये, जमिनीवर पसरून कुजू द्यावा, ओल टिकते, गांडुळं वाढतात, हे त्याला लिस्बनच्या पलीकडे कळतं. हेच त्याच्या वडिलांना कृषी सहायक वर्षानुवर्षं सांगत आला: पाचट पेटवू नका, सरीत दाबा. राहुरीचं कृषी विद्यापीठ जवळच्या पट्ट्यात कित्येक दशकांपासून उभं आहे. याच प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात, राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक जमवली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. ज्ञान इतकं हाताशी असताना ते विमानाने का आणावं लागतं? कारण हाताशी असलेलं ज्ञान सांगणारा माणूसही ओळखीचा असतो, आणि ओळखीच्या माणसाचं ऐकणं म्हणजे त्याच्यापुढे वाकणं. उष्णकटिबंधातल्या काळ्या, पाटपाण्याने ठिकठिकाणी चोपण झालेल्या जमिनीला भूमध्य सागरी हवेतला धडा किती लागू पडेल, हा प्रश्न वेगळाच. तो चिरंजीवांनी अजून स्वतःला विचारलेला नसतो.

यापेक्षा वजनदार आक्षेप श्रमप्रतिष्ठेचा. बाबा आमट्यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली, तिथेही शिकली-सवरलेली मुलं विनामोबदला राबली. मग पोर्तुगालचंच हसू का? मी सोमनाथला हसत नाही. पण तिथेही मुलं जात ती आपापल्या गावापासून दूर, जिथे त्यांची आडनावं पोचलेली नव्हती तिथे. गावातल्या गावात फुकट राबायची रीत आपल्याकडे इर्जिकीची होती. एकाच्या रानात सगळ्यांनी औतं घालायची आणि त्याने जेवू घालायचं. त्यात मात्र आज मी तर उद्या तू अशी फेड असे, म्हणून कोणी लहान होत नसे. उलट, परक्या रानात राबण्यासाठी दरसाल प्रवास करणारे लोक कोल्हारला चांगले ठाऊक आहेत. पाथर्डी-बीडकडून गाळप हंगामात ते बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरने येतात, कोप्या घालतात, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि मुकादमाची उचल अंगावर असते. प्रवास आहे, शेत आहे, राहायला कोपीएवढी जागाही आहे. तरी त्याला कोणी अनुभव म्हणत नाही, कारण त्यांना कंटाळा आला म्हणून दुसऱ्या आठवड्यात फ्रान्सकडे सरकता येत नाही. चिरंजीवांच्या श्रमाला प्रतिष्ठा आहे ती या सरकता येण्यामुळे. हे लक्षात घेतलं की त्याला ढोंगी म्हणवत नाही. तो बिचारा मनापासून घाम गाळतो. लाज गावाने जपून ठेवली होती, त्याने फक्त तिच्या कक्षेबाहेरचं रान शोधलं.

खरी परीक्षा परत आल्यावर, लग्नाच्या बाजारात. तिथे शेती हवी असते, शेतकरी नको असतो. मुलीकडच्यांना दहा एकर बागायत लागते आणि नवरा पुण्यात लागतो. चिरंजीवांच्या बायोडेटात त्यामुळे एक नवी ओळ येते: ‘युरोपात सेंद्रिय शेतीचा अनुभव’. ओळीला वजन आहे. तिच्यात युरोप आहे, म्हणून शेती खपून जाते. पाहुणे बैठकीत टेकतात, फोटो पाहतात, टोपी घालून हातगाडी ढकलणारा जावई त्यांना पसंतही पडतो. पण मुलीचा मामा कारखान्याच्या शेतकी विभागात हयात घालवलेला असतो. तो चष्मा पुसत विचारतो, ‘तिकडं रोज काय पडायचा?’ चिरंजीव श्रमाच्या देवाणघेवाणीचं तत्त्व समजावू लागतात. मामा शांतपणे ऐकून घेतो आणि वडिलांकडे वळतो, ‘म्हणजे जेवणावारी होते तर. मग आल्यापासून घरच्या रानात किती दिवस भरले?’