पाणी हाताला विचारा, ऊन यंत्राला

गेल्या मे महिन्यात माझा कढीपत्ता गेला. पाण्यावाचून नाही, पाण्यानेच गेला.

१२ दिवस गावी जायचं होतं. गच्चीवर ४० कुंड्या. त्यातल्या ३९ कुंड्यांना टायमरचं ठिबक लावलं. सकाळी ६ ला सुरू, १० मिनिटांनी बंद. कढीपत्ता मात्र ७ वर्षांचा, आईने तिच्या अंगणातल्या झाडाचा फुटवा काढून दिलेला. त्याला टायमरच्या भरवशावर सोडवेना. म्हणून त्याच्यासाठी खास ओलावा मोजणारा सेन्सर आणला. माती कोरडी झाली की पंप सुरू, ओली झाली की बंद, आणि गावी बसून मोबाइलवर आकडा बघायची सोय. मोबाइल रोज सांगायचा, कोरडं आहे. पंप रोज चालायचा. मला वाटायचं, यंदाचा उन्हाळाच तसा आहे.

परत आले तेव्हा ३९ कुंड्या तगल्या होत्या. कढीपत्त्याची पानं पिवळी पडून खाली सांडली होती. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. मुळं काळी पडलेली. चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात यायची आणि आत दोऱ्याएवढा गाभा उरायचा. आंबूस वास येत होता. सेन्सरची पात कुंडीत उभीच होती; पण पंपाच्या धारेने तिच्या बाजूची माती खचून बोटभर फट पडली होती. १२ दिवस तो सेन्सर त्या फटीतली हवा मोजत होता.

यंत्राने फसवलं नाही. हे सेन्सर पाणी थेट मोजतच नाहीत. आपल्या भोवतीच्या पदार्थात विद्युतभार किती साठू शकतो, ते मोजतात. त्या गुणाचा आकडा पाण्यासाठी ८० च्या आसपास, कोरड्या मातीसाठी ३ ते ५ आणि हवेसाठी १. फरक एवढा मोठा असल्यामुळे ही युक्ती चालते आणि चांगली चालते. अट एकच: पातीला माती सगळीकडून घट्ट चिकटलेली हवी. फट पडली, की यंत्राच्या लेखी दुष्काळ. ही अट खोक्यावर कुठेही नव्हती. खोक्यावर होतं, ‘आता झाडांची चिंता सोडा’. माझा राग आहे तो या वाक्यावर. जी चिंता आपण सोडू नये, तीच विकत घेतो म्हणणारा माणूस बागेचा मित्र नाही.

तेव्हापासून गच्चीवर, बाल्कनीत, खिडकीच्या ग्रिलमध्ये झाडं लावणारी माणसं मला विचारतात, सेन्सर घ्यावा का? माझं उत्तर ठरलेलं आहे. पाण्यासाठी घाई करू नका. आधी वाफसा शिका.

वाफसा हा शब्द शहरात मागे पडला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच शेतात औत घालत नाही. वाफसा येण्याची वाट बघतो. म्हणजे मातीत ओल तर हवीच, पण पाणी निथळून मातीच्या कणांमधून हवाही खेळायला हवी. मुळांना दोन्ही लागतं. हा एक शब्द समजला असता, तर कुंडीतली कितीतरी झाडं वाचली असती. कारण मी आजवर मेलेली म्हणून पाहिलेली बहुतेक कुंडीतली झाडं तहानेने गेलेली नव्हती. ती घुसमटून गेली होती. आणि घुसमटलेलं झाडही पानं टाकून मलूल होतं, तहानलेल्यासारखंच दिसतं. मग आपण कळवळून आणखी पाणी घालतो.

वाफसा बघायला हात पुरतो. दोन पेरं खालची माती काढून मुठीत दाबा. चिखल तळव्याला चिकटला, तर थांबा. गोळा बांधला गेला आणि अंगठ्याने ढकलल्यावर भुगा झाला, तर वाफसा आहे, आज पाणी नको. गोळाच बांधला जात नसेल, तर पाणी द्या. कोकोपीटचं मिश्रण असेल तर जास्त सावध राहा. त्याचा वरचा थर पटकन वाळतो, फिकट तपकिरी दिसतो आणि २ इंच खाली सगळं ओलंचिंब असतं. ते मुठीत पिळून बोटांमधून थेंब येतात का बघा. आणि लहान कुंडी उचलून बघायची सवय लावा. १ लिटर पाण्याचं वजन १ किलो असतं, ते हाताला कळल्याशिवाय राहत नाही. आठवडाभर ही सवय ठेवली, की आठव्या दिवशी नुसतं कुंडीच्या कडेला धरून हलवलं तरी अंदाज येतो.

आता ते बॅटरीवाचून चालणारं, काटेवालं, दोन सळ्यांचं मीटर. एका बटणावर ओलावा, दुसऱ्यावर उजेड, तिसऱ्यावर पीएच. हे जवळजवळ प्रत्येक बागप्रेमीच्या खणात पडलेलं असतं. त्याची परीक्षा घरी करता येते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर एका पेल्यात घ्या आणि सळ्या बुडवा. चहूबाजूंनी पाणी असूनही काटा जेमतेम हलतो. आता चिमूटभर मीठ टाका. काटा टुणकन ‘ओलं’कडे जातो. सळ्या दोन वेगळ्या धातूंच्या असतात, त्यांच्यामध्ये क्षारांमुळे बारीकसा प्रवाह तयार होतो आणि काटा तेवढाच दाखवतो. म्हणजे ज्या कुंडीत तुम्ही परवाच खत घातलंय, ती त्याच्या दृष्टीने ओली. जी कुंडी पावसाने धुऊन निघालीय, ती कोरडी. त्याच सळ्यांनी सांगितलेल्या पीएचवर तर एक चिमूटही चुना किंवा गंधक घालू नका.

एनपीके सांगणाऱ्या तीन-चार सळ्यांच्या यंत्राबद्दल एवढंच, की ते विकत घेऊ नका. ते क्षारांची वाहकता मोजतं आणि त्या एका आकड्यातून नत्र, स्फुरद, पालाश असे तीन आकडे रचून दाखवतं. सरकारच्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासलेल्या असतात, त्यासाठी माती प्रयोगशाळेत जाते. कुंडीसाठी तेवढाही खटाटोप नको. मूठभर चांगलं गांडूळखत घाला.

मग शेतात हीच यंत्रं कशी चालतात? चालतात, आणि त्याचा मला आनंद आहे. नाशिकच्या द्राक्षबागांत मातीतले सेन्सर आहेत, बारामतीला उसाच्या प्रयोगात आहेत. तिथे एका व्हॉल्व्हवर एकरभर पीक असतं, माती एकसारखी असते, आकड्याचा अर्थ लावणारं माणूस असतं आणि वाचलेलं पाणी, वाचलेली वीज हिशोबात दिसते. कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने तर शेतकऱ्यासाठी आकडेसुद्धा काढून टाकले. निळ्यापासून लालपर्यंत चार रंगांचे दिवे ठेवले, लाल लागला की पाणी द्या. हे यंत्र कोणाच्या हातात जाणार आहे, याचा विचार करणं म्हणतात ते हे. माझ्या गच्चीवर ४० कुंड्या म्हणजे ४० वेगवेगळी शेतं. पुदिन्याच्या कुंडीतला आकडा कोरफडीच्या काय कामाचा? प्रत्येक कुंडीला एक सेन्सर घेतला, तर झाडांपेक्षा बॅटऱ्याच जास्त सांभाळाव्या लागतील.

इथवर वाचून कोणी म्हणेल, ही बाई यंत्रांच्या विरोधात आहे. अजिबात नाही. एक गोष्ट अशी आहे, जिथे आपला हात आणि डोळा दोन्ही हरतात आणि यंत्र जिंकतं. ती म्हणजे ऊन.

डोळा फार समजूतदार असतो. स्वतःला जुळवून घेऊन सगळा उजेड सारखाच करून दाखवतो. भर उन्हात १ लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, दिवे लावलेल्या दिवाणखान्यात दोन-तीनशे. शेकडो पटींचा फरक आहे आणि आपल्याला दोन्हीकडे पेपर आरामात वाचता येतो. म्हणून आपण म्हणतो, ‘आमच्याकडे छान उजेड आहे हो, पण टोमॅटो लागत नाहीत.’ टोमॅटोला ५-६ तास थेट ऊन लागतं. समोर टॉवर उभा राहिल्यावर ते २ तासांवर आलं, हे डोळा सांगणार नाही.

दिशेच्या बाबतीतही हेच. दक्षिणेची बाल्कनी म्हणजे भरपूर ऊन, हे आपण धरून चालतो. डिसेंबरात ते खरं आहे, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ऊन पार आतल्या फरशीपर्यंत येतं. पण मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, दुसरा जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या बाल्कनीत तेव्हा दुपारचं ऊन येतच नाही, आणि आपण नेमकी तेव्हाच मिरचीची रोपं तिथे मांडतो. मग मिरची फुलत नाही, म्हणून खत घालतो, फवारा मारतो, नर्सरीवाल्याला दोष देतो.

यासाठी पैसे खर्चायचीही गरज नाही. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये उजेड मोजणारा सेन्सर असतोच, लक्स दाखवणारं फुकट ॲप टाकलं की झालं. कुंडीच्या जागी मोबाइल उताणा ठेवा. सकाळी ८, दुपारी १२, ४ असे तीन आकडे लिहा. वर्षातून चार वेळा एवढं करा. कुठे मिरची, कुठे पालक, कुठे नुसतं मनी प्लांट, ते तुमचं तुम्हालाच कळेल. बागेतल्या सगळ्या यंत्रांमध्ये घरच्या माणसाला खरोखर उपयोगी पडेल असं हेच, आणि याचीच जाहिरात कोणी करत नाही.

कढीपत्त्याच्या कुंडीतला तो सेन्सर मी फेकला नाही. तो आता डोंबिवलीला मावशीच्या मोगऱ्यात आहे. मावशीला २० वर्षांचा मधुमेह. बोटांची टोकं बधिर झालीत, माती ओली की कोरडी ते तिला कळत नाही. कंबरेमुळे कुंडी उचलता येत नाही. जन्मभर झाडं लावलेल्या बाईला मी ‘बोट घालून बघ’ कसं सांगू? पंप काढून ठेवला. पात नीट मातीत रोवली, भोवतीची माती माझ्या हाताने दाबून बसवली. भरपूर पाणी घालून दुसऱ्या दिवशीचा आकडा लिहिला, ७०. मग मीच एक दिवसाआड जाऊन मूठ दाबून बघत राहिले आणि गोळा बांधेनासा झाला तेव्हाचा आकडा लिहिला, ३०. ही खूण त्या मोगऱ्यापुरती, त्या मातीपुरती. शेजारच्या कुंडीला ती लावायची नाही, हे तिला दोनदा सांगितलं.

आता ती रोज सकाळी आकडा कालनिर्णयवर लिहिते, दुधाच्या हिशोबाखाली. परवा फोन आला.

‘अगं, आज ४१ आलाय. पाणी घालू का?’

‘नको मावशी. ३० पर्यंत थांब.’

‘वरून सुकलेलं दिसतंय गं.’

‘दिसू दे. आत ओल आहे.’

ती तीन दिवस थांबली. चौथ्या दिवशी सकाळी तिने आकड्याचा फोटो पाठवला, २९, आणि मागोमाग पाणी घातलेल्या कुंडीचा. मोगऱ्याला खालच्या फांदीवर पाच कळ्या आल्या होत्या.