समुद्र, कागद आणि सल्लागार

गवई गात असताना मध्येच उठून ‘पंचम जरा वर घ्या’ असं कोणी सांगत नाही. डॉक्टर नाडी बघत असताना त्यांच्या खांद्यावरून कोणी वाकत नाही. समुद्रकिनारी जलरंग उघडून बसलेला माणूस मात्र सार्वजनिक मालमत्ता असतो. त्याच्या मागं उभं राहायला तिकीट लागत नाही आणि त्याला सल्ला द्यायला चित्रकला यावी लागत नाही.

मी मालवणच्या किनाऱ्यावर बसतो. समोर सिंधुदुर्ग, मध्ये पाणी, अलीकडे वाळूवर ओढलेल्या होड्या. देखावा इतका आयता मांडलेला, की आता नुसता उतरवून घ्यायचा, असं कोणालाही वाटावं. माझ्या मागं जमलेल्यांना तर तसं वाटतंच.

पहिली तक्रार समुद्राच्या रंगाची. शाळेतल्या रंगपेटीनं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात समुद्र कायमचा निळा करून ठेवलाय. प्रत्यक्षात संध्याकाळी सूर्य समोर आला की पाणी चक्क रुपेरी करडं दिसतं. कोबाल्ट ब्लूमध्ये थोडा बर्न्ट सायना घातला की तो करडा साधतो. तो कागदावर पसरायला लागला की मागून आवाज येतोच, ‘समुद्र निळो खंय आसा?’ विचारणारा जन्मापासून त्याच समुद्रात पोहलेला असतो. मान वर केली तर दोन पावलांवर पुरावा आहे. पण रंगपेटीपुढे समुद्राची साक्ष कोण घेणार?

बरं, समुद्र तरी एका जागी थांबतो का? भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास. तुम्ही पेन्सिलीनं पाण्याची रेघ आखून, पाणी भरून, ब्रश ओला करेपर्यंत ती रेघ खाली सरकलेली असते आणि मघाशी डोलणारी होडी कुशीवर कलंडलेली असते. त्यामुळं माझ्या पिशवीत रंगांबरोबर कालनिर्णयही असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चित्रकारानं पंचांग बघून बसावं, हे कुठल्याही कलाशाळेच्या अभ्यासक्रमात नाही, पण किनाऱ्यावरच्या आजीला ठाऊक असतं. ‘आता सुकती लागली, काय रंगवतलंस?’ असं म्हणून ती आपली टोपली घेऊन निघून जाते.

तिसरं संकट हवेचं. जलरंगात आधीचा थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नसतो, आणि मालवणच्या दमट हवेत काही म्हणजे काही वाळत नाही. धीर सुटून अर्धवट ओल्या आकाशात पाण्याचा ठिपका पडला, की तो आधीचा रंग ढकलत पसरतो आणि कडेला नक्षीदार झालर उमटते. चित्रकार त्याला कॉलीफ्लॉवर म्हणतात. ज्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरू केलं, ज्याच्या पायात शिसं ओतलंय, तो किल्ला ओल्या कागदावर रंगवायला घेतला तर दोन मिनिटांत आकाशात विरघळतो. आदिलशाहीला आणि मोगलांना जे जमलं नाही ते दमट हवा करून दाखवते.

पण खरी मेख पांढऱ्या रंगात आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. लाटेचा फेस, पाण्यावरची चमक, होडीच्या काठावरचं ऊन, यातलं काहीही रंगवायचं नसतं, वगळायचं असतं. खरखरीत पोताचा कागद घ्यावा, ब्रश जवळजवळ कोरडा करावा आणि आडवा धरून झरकन ओढावा. रंग कागदाच्या उंचवट्यांवर बसतो, खळगे पांढरे राहतात, आणि ते पांढरे कण लांबून बघितले की पाणी चमकायला लागतं. एकदाच. पुन्हा ब्रश फिरवला की खळगे भरतात आणि समुद्राचा सिमेंटचा कोबा होतो.

आणि नेमक्या याच क्षणी मागचा समाज अस्वस्थ होतो. आपल्याला मोकळी जागा बघवत नाही. भिंत दिसली की कॅलेंडर, टीव्ही दिसला की त्यावर विणलेला रुमाल. ‘इथं रिकामं दिसतंय,’ एक पर्यटक काका कळवळून सांगतात. ‘दोन नारळ टाका. चारच्या आकड्यासारखे पक्षी काढा.’ काकूंना सूर्य हवा असतो. त्यांच्या मुलाला स्पीडबोट. सगळ्यांचं ऐकलं तर किल्ल्याला जागा उरणार नाही.

अशा वेळी मी शेजारच्या सावंतवाडीचा दाखला काढतो. तिथं १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमारास आपल्या मुलीला समोर उभं करून ‘ग्लो ऑफ होप’ रंगवलं. हातात दिवा, ज्योतीआड धरलेला तळवा, बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हे चित्र बघून कित्येकजण ‘राजा रविवर्म्याचं तैलचित्र’ असं ठोकून देतात. ते हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. हे ऐकून मंडळींची छाती अभिमानानं फुगते. मग सगळे एकदम माझ्या कागदाकडे बघतात आणि कोणीच काही बोलत नाही.

सल्लागारांत एकालाच मी मानतो, होडीच्या मालकाला. त्याला प्रकाश, पोत, करडा रंग यांच्याशी कर्तव्य नसतं. तो सरळ विचारतो, ‘माझी होडी खंय आसा?’ मी दोन तपकिरी फटकारे दाखवतो. ते तो बराच वेळ निरखतो. कर्जाचे हप्ते, जाळी, दर वर्षीची डागडुजी, हे सगळं त्या दोन फटकाऱ्यांत शोधत असावा. मग म्हणतो, ‘उलांडी खंय? ही बुडतली.’ बाजूला होडीचा तोल धरणाऱ्या लाकडाचा, म्हणजे उलांडीचा, एक बारीक आडवा फटकारा मारला, की होडी खरंच पाण्यावर बसते. काकांचा नारळ चित्र भरण्यासाठी होता, याची उलांडी होडी तरण्यासाठी.

तेव्हा किनाऱ्यावर कोणी कागदावर वाकलेला दिसला तर जरूर मागं उभे राहा. होडीतलं, वाऱ्यातलं, भरतीतलं कळत असेल तर बेलाशक सांगा, त्याला हवंच असतं. आकाश रिकामं वाटलं तर घरी जाऊन आपल्या कागदावर पक्षी काढा. आणि एवढं कराच, वाऱ्याच्या बाजूनं पाय झाडत येऊ नका. ओल्या रंगात बसलेली वाळू निघत नाही.