पाटा भंगारात देऊ नका

स्टुटगार्ट, रविवार

ती. आई-बाबा, सा. न.

कुकर लावलाय, तिसऱ्या शिट्टीपर्यंत जमेल तेवढं लिहिते. आई, आधी हे वाच: घरात सगळे धडधाकट आहेत. "चिप मेली, ही रात्रभर जागी आहे" एवढंच फोनवर सांगून भाजी परतायला पळणं हा तुझ्या जावयाचा गुन्हा. चिप कॉम्प्युटरची होती. भाजणी पोचली, डबा चेपला.

बाबा, 2012 साली लॅमिंग्टन रोडवर घेतलेला मदरबोर्ड आठवतो ना? दादरला गाडी बदलून डोंबिवलीपर्यंत तो कॅबिनेट तुम्ही मांडीवर धरला होतात. त्यालाच मी बोटाएवढी नवी एनव्हीएमई डिस्क जोडली, अडॅप्टर घालून. विंडोज चालू झालं की डिस्क दिसते, पण तिच्यावरून मशीन चालू होत नाही, कारण तिचा ड्रायव्हर त्या जुन्या बायोसमध्ये (म्हणजे मशीन चालू करणाऱ्या, चिपमधल्या प्रोग्राममध्ये) नाहीच. मग बायोसची फाइल उघडायची, त्यात ड्रायव्हर सारायचा आणि ती परत चिपमध्ये भरायची. पमाताईच्या याद्या झाल्यावर तिच्या सासूबाईंनी मानपानात आणखी एक साडी सारली होती, तसंच. गेल्या शनिवारी रात्री घाईत चुकीची फाइल भरली. पडदा काळा.

दुसऱ्या दिवशी रविवार. इथे रविवारी दुकानं बंद, भिंतीत ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा कुंडीत टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. म्हणजे राग काढायलाही सोमवार उजाडावा लागतो! सोमवारी दुकानदार म्हणाला, नुसतं बघायचे 65 युरो. आई, गुणाकार करू नकोस. मी केला, सहा हजारांच्या वर जातात. बघायचे! तेवढ्यात कांदेपोहे धरून चार स्थळं बघून होतात.

शेवटी चिप भरायचं स्वस्तातलं यंत्र मागवलं, आठ पायांची चिप सॉकेटमधून अलगद उपटली आणि जावयाच्या लॅपटॉपवरून पुन्हा भरली. मूळ बायोसची प्रत आधीच काढून ठेवली होती, या वेळी तिच्यातच ड्रायव्हर नीट सारला. घराची दुसरी किल्ली कुलकर्णीकाकूंकडे ठेवणाऱ्या बाईची लेक आहे मी.

आता गंमत. मशीन चालू झालं, पण बायोसच्या यादीत या नव्याकोऱ्या डिस्कचं नाव काय यावं? पाटा! म्हणजे जुन्या काळच्या रुंद पट्टीच्या केबलवाल्या डिस्कचं नाव. बोर्डाला नवं नाव माहीतच नाही, ओळखीचं लावून मोकळा झाला. नानाआजोबा प्रत्येक जावयाला 'वसंतराव' म्हणायचे, तसा.

मी एकटीच हसत बसले, आणि मग हसू थांबलं. कारण तू फोनवर म्हणालीस, ओटा नवा करतोय, आजीचा पाटा भंगारवाल्याला देऊन टाकू. देऊ नकोस. मिक्सर खुशाल वापर, पाटा गॅलरीत ठेव. मे महिन्यात येते तेव्हा चटणी मी वाटीन, आणि बिघडली तर बाबांनी बघायचे पैसे मागायचे नाहीत.

चौथी शिट्टी झाली. भात गेला.

तुमची,
चिऊ