श्वानखननमीमांसा

अंगणात कुत्रे उकरते, या घटनेकडे बीड जिल्ह्यातील विद्वानांचे दुर्लक्ष झाले आहे. कारण उघड आहे. इथे खोदकाम म्हटले की माणसांचेच आठवते. १५८२च्या सुमारास, सलाबतखानाच्या काळात, बीडजवळ खजाना विहीर खणली गेली आणि ती आटत नाही अशी तिची ख्याती आहे. पुढच्या खणणाऱ्यांचे यश मात्र उतरत्या भाजणीचे. २००९च्या भूजल कायद्याने ६० मीटरांपलीकडे जायला मनाई केली, तरी पानाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला की बोअरची गाडी कायदा विचारत बसत नाही. कुत्र्याचा खड्डा फार तर दीड-दोन फूट. कायद्याच्या मर्यादेत राहून खोदणारा, आणि ज्यासाठी खोदले ते हमखास मिळवणारा, तो बहुधा एकटाच.

प्रथम पूर्वपक्ष. शेजारच्या काकूंचे मत असे : “कुत्रं उगं उकरत नसतंय, खाली कायतरी हाय.” हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कुत्र्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी वीस कोटींच्या वर असतात. माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख. तेव्हा खाली काहीतरी असू शकते. पण ते बहुधा घुशीचे बीळ असते, नाहीतर त्यानेच परवा पुरून ठेवलेले मटणाचे हाड. मोहरांचा हंडा एखाद्या कुत्र्याने मालकाला काढून दिल्याचे ऐकिवात नाही; असे कुत्रे असतेच, तर मालकाने ते ऐकिवात येऊ दिले नसते, हा आक्षेप काकूंच्या बाजूने नोंदवून पुढे जाऊ.

दुसरा पक्ष निवृत्त गुरुजींचा. त्यांच्या मते कुत्र्याला वळण नाही, दोन रट्टे द्यावेत. या उपायाचे दुष्परिणाम महाभारताच्या आदिपर्वातच नोंदलेले आहेत. जनमेजयाच्या यज्ञसत्रात देवांच्या कुत्रीचा, सरमेचा, मुलगा गेला, त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, तिकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला बडवले आणि सरमेने शाप दिला. गुरुजी म्हणतात, “पण आमचा मोत्या खड्ड्याजवळ नेला की मान खाली घालतो. गुन्हा कबूलच करतो की!” २००९ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने हेच तपासले. अपराधी चेहरा गुन्ह्यावर अवलंबून नसतो, मालकाच्या ओरडण्यावर असतो, असे निघाले. मोत्या खड्ड्याला घाबरत नाही, गुरुजींना घाबरतो. वर्गातल्या मुलांचेही तसेच असावे, पण तो या निबंधाचा विषय नव्हे.

तिसरा पक्ष वंशवादी. टेरियर आणि डॅक्सहुंड ही कुळे बिळात शिरण्यासाठीच पैदा केली गेली, हे खरे. आपल्या गावरानाला असला कुलाभिमान नाही. मात्र निजण्यापूर्वी सतरंजीवरही गोल फिरून पंजाने ओरबाडण्याची कुत्र्याची खोड डार्विनने १८७२च्या ग्रंथात टिपली आहे. गवत तुडवून खळगी करणाऱ्या पूर्वजांची ती शिल्लक, असे त्याचे म्हणणे.

आता सिद्धान्त : बीडचे कुत्रे उन्हाळ्यात गारवा खणते. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. उरलेली उष्णता जिभेवाटे, धापा टाकून. पारा चाळिशी ओलांडतो, काळ्या रानाला भेगा पडतात, तेव्हा वरचा तापलेला थर काढून विरळ केसांचे पोट खालच्या मातीला टेकवणे, याहून स्वस्त उपाय नाही. पुरावा हवा असेल तर खड्ड्यांचा नकाशा काढावा. एक रांजणाखाली, जिथे पाणी पाझरते. दुसरा मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या कर्दळीत. तिसरा तुळशीवृंदावनाच्या कडेला. मुरुमाचे अंगण अबाधित! वृंदावनाच्या बाबतीत एक सूक्ष्म प्रश्न उरतो. बीड साधारण १९ अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यानंतर माध्यान्हीची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते. तेव्हा कुत्राही बाजू बदलतो, असे प्रतिपादण्याचा मोह होतो. पण बाराच्या सुमारास ती सावली इतकी आखूड असते की तिच्यात शेपूटही मावत नाही.

उपायांपैकी लाल पाण्याची बाटली आधी बाद करू. कुत्र्याला निळा आणि पिवळा ओळखता येतो, लाल नीट कळत नाही. बाटलीचा धाक ती भरणाऱ्यालाच वाटत असावा. कामाचे उपाय साधे आहेत. लिंबाखाली ओले पोते, शेजारी पाण्याची डोणी, आणि उकरलेल्या जागी सपाट दगड. उकरण्याची हौसच असेल तर सावलीत वाळूचा एक ढीग त्याच्या नावे करावा, त्यात भाकरीचा तुकडा पुरावा. वाळू गेवराईकडून येते. तिकडच्या उत्खननाबद्दल मीमांसकाने मौन पाळलेले बरे. सकाळी ऊन चढायच्या आत त्याला रानात फिरवून आणले, तर कंटाळ्यापोटी होणारे खोदकामही बरेच थांबते.

अपवाद एकच. गाभण कुत्री कडब्याच्या गंजीखाली उकरू लागली, तर वरचे सगळे विवेचन बाजूला ठेवावे. तिचे दिवस साधारण त्रेसष्ट. खड्डा दिसला म्हणजे ते भरत आले. तो बुजवू नये, दगड ठेवू नये. भाकरी-पाणी तिथेच नेऊन द्यावे, आणि जनावरांसाठी कडबा काही दिवस गंजीच्या दुसऱ्या बाजूने उपसावा.