कामठ्यापर्यंत पिक्चर पोचवण्याची सोपी कृती
(नवशिक्या वितरकांसाठी सहा पायऱ्यांत)

अभिनंदन! तुम्ही मराठी पिक्चरचे वितरक झालात. पिक्चर तुम्ही काढलेला नाही, त्यात काम केलेलं नाही, बहुधा पूर्ण पाहिलेलाही नाही. तरीही तो चालला तर ‘आपण लावला’ आणि पडला तर ‘निर्मात्याने घालवला’ असं म्हणण्याचा अधिकार आजपासून तुमचा.

सरावासाठी आपण कामठा हे गाव घेऊ. तालुका गोंदिया, जिल्हा गोंदिया. मुंबई-पुण्यात पिक्चर कोणीही लावतो, त्यात कौशल्य नाही. कामठ्याच्या बाबतीत मात्र अनुभवी वितरकांनी एक पद्धत घालून दिली आहे. ती नीट पाळली तर पिक्चर तिथे पोचत नाही, आणि न पोचल्याचा दोष तुमच्यावर येत नाही.

साहित्य

सेन्सॉरचं सर्टिफिकेट असलेला पिक्चर, 1 नग. प्रसिद्धीचं बजेट, जेवढं निर्मात्याकडे उरलं असेल तेवढं. ‘महाराष्ट्रभर प्रदर्शित’ असं छापलेलं पोस्टर. आणि एक नकाशा, शक्यतो जुना.

पायरी पहिली: नकाशा पसरा

सरकारी नकाशा बाजूला ठेवा. सरकारच्या मते कामठा महाराष्ट्रात आहे, धंद्याच्या मते ‘सी.पी. बेरार’मध्ये. म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. तो प्रांत 1950 मध्ये संपला. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा निघाला. यातलं काहीही पिक्चरच्या धंद्याच्या कानावर अजून गेलेलं नाही. नागपूर, अमरावती, अकोला, रायपूर, बिलासपूर, जबलपूर हे सगळं एकच सर्किट, आणि त्याच्या वितरक-टॉकीजवाल्यांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, भुसावळला. भुसावळहून गोंदिया रेल्वेने पाचशेहून जास्त किलोमीटर. मुंबई-पुण्याचं सर्किट वेगळं.

नवशिक्याने यातली मेख लक्षात घ्यावी. हिंदी पिक्चरचे हक्क घेणाऱ्याला हे सर्किट अख्खं मिळतं. मराठी पिक्चर घेणाऱ्याच्या हाती मात्र त्यातला अर्धाच मुलूख लागतो, कारण रायपूर-जबलपूरला तो कोण पाहणार? उरलेल्या अर्ध्याच्या अगदी पूर्व टोकाला गोंदिया, आणि गोंदियाच्या पुढे कामठा. तिथे घराघरांत झाडीबोली, पोवारी, हिंदी सगळंच चालतं. तेव्हा ‘तिकडे मराठी चालत नाही’ हे वाक्य आत्तापासूनच पाठ करायला घ्या. ते पुढे प्रत्येक पायरीला लागेल.

पायरी दुसरी: सौदा ठरवा

सौद्याचे तीन प्रकार. आउटराइटमध्ये पिक्चर ठरलेल्या मुदतीसाठी एकरकमी विकत घ्यायचा, मग नफा-नुकसान तुमचं. मिनिमम गॅरंटी, म्हणजे एमजीमध्ये, निर्मात्याला ठरावीक रक्कम आधी द्यायची. वसुलीनंतर जास्त आलं तर वाटून घ्यायचं. कमिशनमध्ये पिक्चर निर्मात्याचा, धोका निर्मात्याचा, खर्च निर्मात्याचा, आणि कमिशन तुमचं. मराठी पिक्चर घेताना कोणता प्रकार निवडायचा, हे शिकवावं लागेल असं वाटत नाही.

आता गल्ल्याची वाटणी. 2009 च्या उन्हाळ्यात हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं भांडण लागलं, दोन महिने मोठे पिक्चर अडले आणि शेवटी तोडगा निघाला: वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्याला 50 टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस, पुढे 30. मोठ्या पिक्चरांचं सगळं गणित या उतरत्या आकड्यांवर बसलेलं आहे. पहिल्या शुक्रवारी आलेला प्रेक्षक सगळ्यात किमती, तिसऱ्या आठवड्यात आलेला स्वस्त. म्हणून सगळा पैसा, सगळा आरडाओरडा प्रदर्शनाआधीच्या पंधरा दिवसांत ओता.

कामठ्याचा माणूस पहिल्या शुक्रवारी येत नाही. गोंदियाला बाजाराला किंवा दवाखान्याला गेलेला कोणी पिक्चर पाहून येतो, पारावर सांगतो, मग इतरांचं ठरतं. हे ठरेपर्यंत दुसरा आठवडा संपतो आणि पिक्चर पडद्यावरून उतरलेला असतो. खात्यावर लिहा: ‘प्रतिसाद नाही.’

पायरी तिसरी: तारीख काढा

तारीख काढताना तीन गोष्टी पाहाव्यात: क्रिकेट, सलमान खान आणि मुंबईतल्या शाळांच्या सुट्ट्या. धान पाहू नये.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे कापणी-मळणी होते, धान विकलं की हातात पैसा येतो, पाहुणे येतात, गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. हा काळ मराठी पिक्चरसाठी टाळावा. तेव्हा दिवाळीचे मोठे हिंदी पिक्चर असतात. जून-जुलै उत्तम.

आदर्श म्हणून दोन उदाहरणं अभ्यासा. गोंदिया-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांवरचा ‘झॉलीवूड’ हा पिक्चर जून 2022 च्या पहिल्या आठवड्यात लागला. मृग नक्षत्राच्या तोंडावर, जेव्हा झाडीपट्टीतला माणूस पडद्याकडे नव्हे, आभाळाकडे बघत असतो. ‘बाईपण भारी देवा’ 30 जून 2023 ला आला. त्याने महाराष्ट्रात बायकांचे जथेच्या जथे टॉकीजला आणले. नटूनथटून, गटागटाने, फोटो काढत. प्रसिद्धीचा तो धडाच आहे. पण जुलैत धानाच्या पट्ट्यात रोवणी असते, आणि रोवणी बायकांच्या हातची. बाईपण किती भारी असतं हे त्या आठवड्यांत इथल्या बायका गुडघाभर चिखलात, बांधीत वाकून अनुभवत होत्या, तेही बिनातिकीट.

पायरी चौथी: पडदा मिळवा

मराठी पिक्चरला पडदा मिळवणं अवघड असतं, हे आधीच कबूल केलेलं बरं. पुढे सबब म्हणून उपयोगी पडतं. 1971 मध्ये दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये पडदा मिळावा म्हणून शिवसेनेला मध्ये पडावं लागलं होतं. दादरला ही गत, तर गोंदियाला काय! 2015 मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी पिक्चर लावायला सांगितलं. मग वाद झाला आणि प्राइम टाइमची व्याख्या दुपारी 12 ते रात्री 9 अशी ऐसपैस झाली. भर दुपारी बाराचा खेळ हाही प्राइम टाइम, हे फक्त शासननिर्णयाला जमतं.

पूर्वी ‘प्रिंट नाही’ ही एक सुंदर सबब होती. एका प्रिंटला पन्नास-साठ हजार रुपये लागत. ती आधी मोठ्या शहरांत झिजायची, मग रेल्वेच्या पार्सलने लहान गावी यायची, तोवर तिच्यावर पाऊस पडायला लागलेला असायचा. आता पिक्चर उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवर येतो, कुलूपबंद, आणि ठरल्या वेळी किल्ली मिळाली की चालतो. मुंबई आणि गोंदिया एकाच मिनिटाला. ही अडचण फार घाबरण्यासारखी नाही. दर पडद्यामागे डिजिटलवाल्या कंपनीला शुल्क द्यावं लागतं. ‘ते परवडत नाही’ म्हणा. सबब पूर्ववत होते.

खेळाच्या वेळेची काळजी घ्या. गोंदियात मराठी पिक्चर मिळालाच तर सकाळी नऊचा खेळ घ्या, नाहीतर रात्री नऊचा. सकाळी कामठ्याचा माणूस शेतात असतो, रात्री बारा वाजता परतीची एसटी नसते.

पायरी पाचवी: प्रसिद्धी करा

आपले आद्य वितरकही दादासाहेब फाळकेच. 3 मे 1913 ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढे सुरतेला नाटकांना सोकावलेले लोक एवढ्याशा खेळाला पैसे देईनात, तेव्हा फाळक्यांनी जाहिरातीत कथा, नट, कला यांतलं काही सांगितलं नाही. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबी आणि दर फक्त तीन आणे, एवढंच सांगितलं. समोरचा माणूस माल कसा मोजून घेतो, हे त्यांना ठाऊक होतं.

तुम्ही असलं काही करू नका. तुम्ही टीझर काढा, मग टीझर कधी येणार याची घोषणा करा, मग मोशन पोस्टर, मग ट्रेलर, मग टीव्हीवरच्या एखाद्या विनोदी कार्यक्रमात कलाकारांना बसवा. शहरांचा दौरा काढा: ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर. विदर्भासाठी नागपूरच्या विमानतळाजवळचं एखादं हॉटेल पुरतं. हे सगळं कामठ्यात मोबाईलवर व्यवस्थित पोचतं. ट्रेलर पोचतो, गाणं पोचतं, नटाची मुलाखत पोचते, शेवटी ‘पाहा जवळच्या चित्रपटगृहात’ हेसुद्धा पोचतं. पिक्चर तेवढा राहतो. तोही पुढे टेलिग्रामवर पोचतो, पण त्याचा हिशोब आपल्या खात्यात धरत नाहीत. पिक्चरच्या कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीने चोरट्या कॉपीसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे. माल पोचवला नाही म्हणून वितरकाला मात्र कोणतीही शिक्षा नाही. निश्चिंत असा.

‘सैराट’चं उदाहरण कोणी दिलं तर विषय बदला. तो 29 एप्रिल 2016 ला आला, भर लग्नसराईत. ‘झिंगाट’ प्रत्येक वरातीत वाजलं आणि महाराष्ट्रातल्या यच्चयावत डीजेवाल्यांनी त्याची फुकट जाहिरात केली. तारीख, गाणं आणि लोक कुठे जमतात हे तिन्ही एकदम जुळलं. असे अपवाद नवशिक्यांचा धीर खचवतात.

पायरी सहावी: सोमवारी कारण द्या

सोमवारी निर्मात्याचा फोन येईल. तेव्हा ‘प्रेक्षक टॉकीजकडे पाठ फिरवतोय’, ‘ओटीटीने वाट लावली’ आणि ‘तिकडे मराठी चालत नाही’ ही तीन वाक्यं याच क्रमाने म्हणा. तिसऱ्यावर निर्माता गप्प होतो, कारण तोही कामठ्याला कधी गेलेला नसतो.

धोक्याची सूचना

इथवर पद्धत निर्दोष आहे. तिला बाधा येते ती फक्त झाडीपट्टी रंगभूमीमुळे, म्हणून तिची माहिती असलेली बरी.

दिवाळीनंतर गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे मंडई आणि शंकरपट सुरू होतात, आणि त्यांच्याबरोबर नाटकं. या कंपन्यांचं ठाणं वडसा. तिथून एक रेल्वे थेट गोंदियाला येते, म्हणजे त्यांना भुसावळ लागत नाही. त्यांची पद्धत धंद्याच्या दृष्टीने फार गावंढळ आहे. गावातलं मंडळ वडशाला जाऊन ठरलेल्या रकमेत नाटक बांधतं, तिकिटं स्वतः विकतं, नफा-तोटा स्वतः सोसतं. म्हणजे तुम्ही ज्याला आउटराइट म्हणता आणि ज्याला घाबरून कमिशनवर येता, तो सौदा झाडीतलं गाव हंगामात बेधडक करतं. तारीख धानाचा पैसा आल्यानंतरची. जाहिरात गाडीवरच्या भोंग्याने, त्याच गावच्या बोलीत. पोस्टरवर मुंबईच्या एखाद्या सिनेनटीचं नाव हवं असेल तर तिला आणतात. हॉटेलात बसवत नाहीत, रंगमंचावर उभी करतात.

सगळ्यात कहर वेळेचा. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. शेवटच्या एसटीचा प्रश्न तुमच्या धंद्याला सुटला नाही, तो त्यांनी खेळ सकाळपर्यंत लांबवून सोडवला. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. प्रेक्षक नसलेल्या भागात हे सगळं कोणासाठी चालतं, असा प्रश्न मनात आला तर पायरी सहावी पुन्हा वाचा.

नेहमीच्या शंका

*गावात तंबू ठोकून पिक्चर दाखवला तर?*
पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांत तंबूतल्या टॉकीज वर्षानुवर्षं फिरल्या. त्यांच्यावरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. तंबूसाठी कानमध्ये टाळ्या वाजवाव्यात, कामठ्यात तंबू ठोकू नये.

*तिथल्या विषयावर पिक्चर काढला तर?*
विषय आहे. 1818 मध्ये कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने इंग्रजांवर उठला आणि पकडला गेला. गढी, बंड, फौज, सगळं आहे. पण तो लावायचा कुठे? पुन्हा पायरी चौथी.

*मंडळालाच पिक्चर आउटराइट दिला, मंडईच्या रात्री, तर?*
ही शंका परीक्षेत येत नाही. पुन्हा विचारू नये.

स्वाध्याय

1. सी.पी. बेरारचा नकाशा काढा व त्यात कामठा दाखवा. खोडरबर जवळ ठेवा. (5 गुण)

2. ‘प्रतिसाद नाही’ आणि ‘खेळ नाही’ यांतला फरक हिशोबात न दिसेल अशा रीतीने मांडा. (10 गुण)

3. प्रात्यक्षिक: कामठ्याच्या आसपास जिथे मंडई असेल तिथे रात्री दहाला जा. नाटकाच्या तिकिटाच्या रांगेत शिरा आणि ‘इकडे प्रेक्षकच नाही’ हे वाक्य मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून दाखवा. (बोलून झाल्यावर रांगेत जागा शिल्लक राहिली तर पूर्ण गुण, मागच्याने ‘मंग तू कोन आहेस?’ विचारलं तर शून्य.)