वैनींचा बिनखर्चाचा महिना

"फुलवालीला आठवडाभर 'नको' म्हणालीय गं ती. दुधाचं पण अर्धा लिटर कमी केलंय."

आक्कांनी ही बातमी कंपौंडच्या भिंतीवर कोपर टेकून दिली. आमच्या निपाणीतल्या गल्लीत कुणाकडं पैसा किती आहे हे बँकेला उशिरा कळतं. फुलवाली, दूधवाला आणि इस्त्रीवाला यांना आधी कळतं, आणि तिघंही पाणी प्यायला आक्कांच्याच पायरीवर टेकतात. त्यामुळं शेजारच्या वैनींच्या घरात काहीतरी बिनसलंय एवढं पक्कं झालं होतं. काय बिनसलंय यावर तेवढा मतभेद होता.

"नोकरी गेली असेल त्यांची," मी म्हणाले.

"डबा घेऊन आठला गेलाय की. मी बघितलो."

"मग कुठल्यातरी सोसायटीत ठेव अडकली."

"ठेव अडकलेली बाई हसत नको म्हणत न्हाई. ही हसत म्हणालीय. ते लई वाईट."

तेवढ्यात वैनी बादली घेऊन कपडे वाळत घालायला आल्या. आक्कांनी प्रस्तावना केली नाही. "काय झालंय गं तुमच्यात? सांगून टाक. आमचा जीव टांगलाय हिकडं."

वैनी बेळगावच्या, शहापूरच्या. निपाणीत वीस-बावीस वर्षं काढली तरी बोलताना त्या अजून खडेबाजारात उभ्या असतात. "काय झालं नाही हो आक्का. पोरीनं डोक्यात घातलंय. एक महिना गरजेचं तेवढंच घ्यायचं. किराणा, दूध, गॅस, औषध, लाइट बिल. बाकी सगळं बंद."

"लाइट बिल तर शून्यच येतंय की आपलं, 200 युनिटच्या आत."

"तेच. तेवढाच पोरीची फी जमवायला हातभार. पुण्याला शिकायचं म्हणजे काय कमी पैसे लागतात? मोबाईलवरची खरेदीसुद्धा काढून टाकलोय मी. रात्री झोप यायच्या आधी बघत बसायचं आणि सकाळी उठून कुर्ता आलेला असायचा."

"आणि देवाला फूल?"

"जास्वंद आहे की अंगणात."

आक्कांनी थोडा वेळ जास्वंदीकडं बघितलं. देवाच्या बाबतीत तडजोड चालली, म्हणजे प्रकरण गंभीर आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग एकदम म्हणाल्या, "अगं, हे तर आमचं जुनंच हाय. पोरीला म्हणावं, पुण्याला जाऊन तू नवीन काय आणलीस?"

आक्का जैन. आमच्या भागातल्या दिगंबर जैन शेतकरी घरातल्या. तवंदी घाटातल्या स्तवनिधीला त्यांचं माहेराइतकंच जाणं-येणं. त्याच स्तवनिधीला 1899 साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली, हे त्या पाहुण्यांना घाट चढायच्या आत ऐकवतात. श्रावकाच्या बारा व्रतांत एक व्रत आहे भोगोपभोगपरिमाण. एकदा वापरून संपतं ते जेवण, पान, अत्तर. पुन्हा पुन्हा वापरलं जातं ते कपडे, दागिने, अंथरूण. या दोन्हींची मर्यादा आपण आपल्या तोंडानं सांगून घालून घ्यायची. ती जन्मभराची घातली तर यम, मुदतीची घातली तर नियम. मुदत एक दिवसाची चालते, पंधरवड्याची चालते, चातुर्मासाची तर घरोघर असते. वैनींच्या मुलीनं जे महिनाभराचं म्हणून पाठवलं होतं त्याची मुदतीसकट सोय आक्कांच्या धर्मात केव्हाची करून ठेवलेली होती.

"माझी सासू चातुर्मासात दोनच लुगडी वापरायची," आक्का म्हणाल्या. "पेटी भरलेली असायची, पण दोनच. आणि सगळा गाव म्हणायचा, काय नेम हाय म्हातारीचा! तू केलीस तर गाव म्हणतोय, नवऱ्याची नोकरी गेली."

"कोण म्हणालं?"

"कुणी न्हाई. बाई म्हणालत्या." आक्कांनी माझ्याकडं बोट केलं.

मला वाटतं, आक्कांनी तिथं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. माझ्याकडं केलेलं सोडून. देवाच्या नावानं थांबवलेला खर्च हा नेम होतो आणि तोच खर्च फीसाठी थांबवला की चिक्कूपणा होतो. वैनींना दुधापेक्षा हे जड जात होतं. इस्त्रीवाल्यानं दोनदा विचारलं होतं, "आमचं काही चुकलं का?" शेवटी त्यांनी त्याला सांगितलं की वीज वाचवायची सरकारी योजना आहे. घरची इस्त्री बंद ठेवून त्याची कोळशाची बंद केल्यानं वीज कशी वाचते, हे त्यानं विचारलं नाही. योजना म्हटलं की आमच्याकडं माणसं पुढचं विचारत नाहीत.

योजनांचा विषय निघाला आणि विडीवाल्या मावशी येऊन भिंतीला टेकल्या. दुपारी त्या कारखान्याच्या माणसाला विड्या देऊन येतात, पण आज सकाळीच आल्या होत्या. पानं संपली होती. सीमाभागातल्या बायकांची एक करमणूक बाहेरच्यांना ठाऊक नसते. कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन राज्यांचे पैसे मोजायचे.

"माझ्या नणंदेला कागलात पंधराशे येत्यात," मावशी म्हणाल्या. "लाडकी बहीण. हिकडं आमाला गृहलक्ष्मीचं दोन हजार. ती म्हणती, तू श्रीमंत. मी म्हणतो, तुझं निदान येतंय तरी. आमचं कधी दोन-दोन महिन्याचं तुंबून एकदम येतंय. तुंबून आलेला पैसा हातात ऱ्हातोय व्हय? भोकातनं जातोय."

"आणि बस?" आक्का म्हणाल्या. "आमची बस फुकट. त्येंची अर्धी."

फुकट बसनं वैनींना सगळ्यात जास्त बुडवलं होतं. हे त्यांनीच सांगितलं आणि आम्ही तिघी भिंतीवर वाकून ऐकलं. कर्नाटकात 11 जून 2023 पासून बायकांना सरकारी बस फुकट झाली. त्याच्या आधी वैनी वर्षातून दोनदा माहेरी जायच्या, दिवाळीला आणि कुणाच्या लग्नाला. आता संकेश्वरवरून दीड-दोन तासांत बेळगाव. शून्याचं तिकीट हातात आलं की वाटतं आज पैसे वाचले, आणि वाचलेले पैसे गणपत गल्लीत उतरल्या-उतरल्या हाताला खाजवायला लागतात. एकदा पोरीला ड्रेसचं कापड, एकदा भाच्याला बूट, येताना अर्धा किलो कुंदा, कारण बेळगावला जाऊन कुंदा आणला नाही तर निपाणीला येऊन तोंड काय दाखवायचं?

"म्हणून या महिन्यात माहेरी जायचंच नाही ठरवलोय," वैनी म्हणाल्या.

"आईला काय सांगितलीस?"

"गुडघा दुखतोय म्हणून."

मावशी हसल्या. "आमचा महिना रोजच बिनखर्चाचा, त्येला नाव ठेवायचं सुचलं न्हाई एवढंच. विडीवरचा कर म्हणं 28 चा 18 करायचं 2025 ला ठरलं. पेपरात आलतं, माझ्या नातीनं वाचून दावलं. पर हजार विड्या तेवढ्याच वळायच्या आणि खराब विड्यांची छाट तेवढीच निघायची."

याच मावशींकडं गल्लीतली भिशी. बारा बायका, महिन्याला हजार, चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. अडचण असेल तर चिठ्ठीच्या ऐवजी लिलाव: ज्या बाईला पैसा आत्ताच पाहिजे तिनं सांगायचं, मला साडेदहा द्या, उरलेले दीड हजार बाकीच्यांत वाटायचे. व्याज म्हणायचं नाही, तरी ते व्याजच. कागद नाही, सही नाही, तारण नाही, आणि कधी हप्ता चुकलेला नाही. कारण हप्ता चुकवणारी बाई दुसऱ्या दिवशी याच भिंतीवरून पाणी मागणार असते.

मावशींचं म्हणणं साफ होतं. "मनाला सांगून पैसा साठत न्हाई वैनी. मन आपलंच असतंय, ते ऐकंल कशाला? अकरा बायका दारात आल्या की साठतोय."

माझं मतही हळूहळू त्याच बाजूला झुकतंय. वैनींची यादी फ्रीजवर चिकटवलेली, ती बघणार त्या एकट्याच. भिशीचा हप्ता मात्र अख्खी गल्ली बघते. जपानात 1904 साली हानी मोतोको नावाच्या बाईनं घरखर्चाची वही छापली आणि तिथल्या घरोघरी ती गेली, असं वैनींच्या मुलीनं फोनवर सांगितलं होतं. वही चांगलीच असणार. पण वहीला कुणी लाजत नाही.

आक्कांना मात्र वही पटत नाही ती वेगळ्या कारणानं. त्यांच्या लहानपणी घरात वही दुकानदाराची असायची. तंबाखूचा पैसा वर्षातून एकदा. तंबाखू निघून वखारीत जायचा, व्यापारी भाव करणार, मग पैसे हप्त्यानं देणार. तोवर मीठ-तेल-चहा सगळं खात्यावर. त्या म्हणतात, तेव्हा महिना कुणी पाळत नव्हतं, वर्षातले दहा महिने आपोआप पाळले जायचे. पैसा आला की आधी खातं मिटवायचं, मग सोनं, मग लग्न. त्यात 1963 ला सरकारनं चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायला बंदी आणली, तेव्हा त्यांच्या आत्याचं लग्न ठरलेलं. आजीनं आपल्याच पाटल्या तिच्या हातात चढवल्या आणि सरकारला शिव्या दिल्या, अर्थमंत्री मोरारजींचं नाव घेऊन. दोन वर्षांनी शास्त्रींनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, तर तीच आजी मुकाट्यानं सोडायला लागली.

"तेव्हा शिव्या दिली नाही?" वैनींनी विचारलं.

"उपास हाय म्हटल्यावर कशाला देईल? उपास तर तिचाच."

1981 ला तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर शेतकरी पुणे-बेंगळूर रस्त्यावर बसले, तेव्हा आक्का नव्या सून होत्या. रोज भाकऱ्या थापून रस्त्यावर पाठवायच्या. त्या दिवसांत घरात काय विकत आणलं हे त्यांना आठवत नाही. "कुणाच्या ध्यानात होतंय! सगळ्या गावाचंच चाललंतं," एवढंच म्हणाल्या.

इथपर्यंत वैनींचा महिना सुरळीत होता. अडला तो पत्रिकेपाशी. मागच्या गल्लीत वास्तुशांती, छापील पत्रिका, खाली "कृपया आहेर आणू नये". ही ओळ छापणारा ती कुणी पाळेल अशी अपेक्षा करत नाही आणि वाचणारा ती वाचत नाही. वैनींनी आहेराची वही काढली. पोरीच्या बारशाला त्यांनी 501 दिले होते. त्या वेळचे 501 म्हणजे आताचे किती, हा हिशेब कुठल्याही रिझर्व्ह बँकेपेक्षा आमच्या बायका अचूक करतात.

"गरजेच्या यादीत आहेर बसतो का?" वैनींनी विचारलं.

"तुझ्या पोरीला विचार."

"विचारलोय. ती म्हणाली, नाही बसत."

"मग जाऊ नको."

"न जाऊन कसं चालतंय?"

हा पेच कुणालाच सुटेना. कुर्ता नाही घेतला तर वैनींचं काही अडत नाही, तो त्यांचा. आहेर मात्र समोरच्याच्या मानाचा, आणि दुसऱ्याचा मान आपल्या महिन्यासाठी थांबत नाही. पैसा खरा गळतो तो इथं, असं मला वाटतं. फूल आणि दूध बिचारे उगाच बदनाम.

शेवटी कपाट उघडलं गेलं. ब्लाउजपीसांचा गठ्ठा निघाला. आक्कांनी त्यातला एक उचलला, कोपरा उलटा केला आणि लालसर दोऱ्याची गाठ दाखवली. "हा माझा. मी गाठ मारून सोडतो, कुठं कुठं जातोय ते कळाय. तुला कुणी दिला?"

"मागच्या गल्लीतल्यांनीच. हळदी-कुंकवाला."

"म्हंजे त्येंच्याकडं परत न्यायचा न्हाई." दुसरा निघाला तो गुळेदगुड्डचा खण. त्यावर तिघींनीही एकमतानं हात ठेवला. खण फिरवायचा नसतो, तो शिवायचा असतो.

मग आक्कांनाच युक्ती सुचली. गल्लीनं ठरवायचं. बारसं असो, वास्तू असो, सगळ्यांनी 101 च्या वर आहेर करायचा नाही. भिशीला बारा बायका बांधल्या जातात, तर आहेराला का नाही? मावशींनी लगेच मान हलवली. वैनींचा चेहरा फुलला. मी तर म्हणाले, आजच फळ्यावर लिहू.

"कुणाच्या कार्यापासून सुरू करायचं?" वैनींनी विचारलं. "मागच्या गल्लीतल्यांना आता सांगता यायचं नाही, पत्रिका वाटून झाल्यात."

"त्याच्यानंतर कुणाचं आहे?"

"पुढच्या महिन्यात तुमच्याच नातवाचं बारसं की आक्का."

आक्कांनी ब्लाउजपीस घडी करून गठ्ठ्यावर ठेवला. "बारशाला नको. सूनबाईच्या माहेरची मंडळी येणार, कोल्हापूरची. ते होऊन जाऊ दे, मग करू. आणि वैनी, तू काय आणणार ते मला आत्ताच सांग बघू, म्हंजे पाळण्याची खेळणी दोन-दोन नको व्हायला."